लिफ्टची मातृभाषा

नवीन लिफ्टने पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तिथेच घोडं अडलं.

एरवी सगळं कसं छान जमून आलं होतं. चार मजली सोसायटी, तिला इतक्या वर्षांनी लिफ्ट, लिफ्टच्या दाराला लाल फीत, फितीपाशी कात्री आणि कात्रीपाशी सेक्रेटरी. हे सेक्रेटरी पोटापाण्यासाठी पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते, पण तिथे शिपाईसुद्धा त्यांना विचारून चहा आणत नसे. सोसायटीत मात्र आपला दरारा आहे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. पद त्यांना इतकं चिकटलं होतं की घरात बायकोसुद्धा "अहो सेक्रेटरी, दूध उतू जातंय, बघा जरा" असंच म्हणे. त्या हाकेतली थट्टा बाजूला काढून ते फक्त मान तेवढा घेत आणि दूध बघायला जात.

लिफ्ट आणली होती ती त्यांच्या आईसाठी. ठरावात तसं लिहिलं नव्हतं. ठरावात 'सर्व सभासदांच्या सोयीसाठी' असं होतं. पण आई चौथ्या मजल्यावर राहत होती, तिचे गुडघे गेले होते, आणि कित्येक वर्षांत तिने जमिनीला पाय लावला नव्हता. एकदा कुणीतरी सुचवलं की खुर्चीत बसवून चौघंजण उचलून खाली नेऊ. आई म्हणाली, "चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे. त्याची रंगीत तालीम नको."

आणि खाली जायचं होतं ते कशासाठी? तर 'खालची'साठी. तळमजल्यावर आईच्याच वयाची एक बाई राहायची. तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागे, त्यामुळे ती वर येऊ शकत नव्हती आणि आई खाली जाऊ शकत नव्हती. मग रोज दुपारी आई चौथ्या मजल्याच्या कठड्याशी स्टूल टाकून बसे, ती जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून बसे, आणि मधल्या तीन मजल्यांच्या डोक्यावरून दोघींच्या गप्पा चालत. आई तिला 'खालची' म्हणे, ती आईला 'वरची'. वकीलीणबाईंचं ब्लडप्रेशर, प्रोफेसरांचे दात, कुणाच्या घरी कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे सगळं त्या जिन्यातून वरखाली होत असे. मधल्या मजल्यांवरची माणसं आपापल्या घरातल्या बातम्या तिथूनच ऐकत.

यातली गंमत अशी की आई पठारी बोले आणि खालची डोंगरी. दोघींनी जन्मात एकमेकींच्या भाषेतला एक शब्द उच्चारला नव्हता. सेक्रेटरींनी एकदा विचारलंही होतं, "आई, तुला डोंगरी येते?"

"छे! एक अक्षर येत नाही."

"मग ती काय म्हणते, ते कळतं कसं?"

"अरे, ती मला सांगते ना!" आई म्हणाली, आणि 'या मुलाला नोकरी कुणी दिली' अशा नजरेने तिने त्यांच्याकडे पाहिलं.

खालचीचा मुलगा बँकेत होता. त्याची दूर बदली झाली, आणि महिनाअखेरीला खालचीला घेऊन तो बिऱ्हाड हलवणार असं ठरलं. तेव्हापासून आईने एकच ध्यास घेतला होता. "एकदा समोरासमोर बसायचंय रे तिच्या. इतकी वर्षं मी वरून तिचा नुसता भांग बघतेय, आणि ती खालून माझी हनुवटी. ती गेल्यावर आठवायला मला तिचं तोंड तरी नीट दिसायला हवं." फोन करत जा, असं बँकवाला दोघींना सांगून थकला होता. डबीशी आपण बोलत नाही, हे दोघींचं दोन भाषांमधलं एकच उत्तर होतं.

तर लाल फीत कापली. वर आई ठेवणीतली शाल पांघरून तयार होती. खाली खालची खुर्ची सोडून उभी राहिली होती. लिफ्टचा परवाना द्यायला आलेले सरकारी निरीक्षक आत शिरले, सेक्रेटरींनी बटण दाबलं, आणि लिफ्टमधल्या एका अदृश्य बाईने थंड, सुरेल आवाजात सांगितलं की दार बंद होत आहे.

निरीक्षकांनी दारात पाय घातला. "काय म्हणाली ही?"

"दार बंद होतंय म्हणाली, सर."

"ते मला कळलं. कुठल्या भाषेत म्हणाली?"

म्हणाली होती साहेबाच्या भाषेत. इथे थोडं मागे जायला हवं, पण फार नाही. साहेब देश सोडून गेला तेव्हा घाईघाईत पूल, तुरुंग, क्लब आणि भाषा इथेच विसरून गेला. पुलांचं काय करायचं ते लगेच ठरलं, भाषेचं ठरेना. शेवटी असं ठरलं की देशाची एक राजभाषा असेल, आणि लोक ती शिकेपर्यंत साहेबाची भाषा तात्पुरती, फक्त दहा वर्षं चालू राहील. दहा वर्षांनी आणखी दहा, मग आणखी दहा. सेक्रेटरी जन्माला आले, शाळेत नापास झाले, पास झाले, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, सगळं त्या तात्पुरत्या काळातच. पण हल्लीचं सरकार कामाला वाघ होतं. म्हणे विमानतळावरच्या सरकत्या जिन्याने एका मंत्र्याला साहेबाच्या भाषेत दटावलं, आणि पुढच्याच अधिवेशनात 'बोलक्या यंत्रांचा कायदा' आला. यापुढे देशातलं कुठलंही यंत्र बोलणार असेल तर राजभाषेत बोलेल.

"चुकलं, सर," सेक्रेटरी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता तिचा आवाज बंद करून टाकतो."

"मुकी लिफ्ट चालत नाही. सुरक्षा खात्याचा नियम आहे, लिफ्टने बोललंच पाहिजे. काय बोलायचं ते ते ठरवतात, कुठल्या भाषेत ते आम्ही. आणि 'सर' म्हणू नका, तोही शब्द बंद झालाय."

"मग काय म्हणू?"

"अजून ठरलेलं नाही. समिती बसलीय."

निरीक्षकांनी दाराला सील लावलं आणि ज्याला काहीही म्हणता येत नाही असा तो गृहस्थ निघून गेला. वर आईने शाल उतरवली, घडी केली आणि पुन्हा कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा मेकॅनिक आला. हा कुठल्या तरी लांबच्या मुलखातला होता. त्याची भाषा सोसायटीत कुणालाच येत नव्हती आणि सोसायटीतली कुठलीच भाषा त्याला धड येत नव्हती. हातवारे करत त्याने सांगितलं की लिफ्टचा आवाज एका डबीत असतो, डबीत पाहिजे ते भरता येतं, तुम्ही फक्त बोला. सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. राजभाषेचे प्रोफेसर दुसऱ्याच मजल्यावर राहत होते. एक वाक्य तर बोलायचं होतं.

पण प्रोफेसरांच्या हाती एक वाक्य देणं म्हणजे काय, हे सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं. दोन दिवस दार लावून घेऊन त्यांनी वाक्य रचलं आणि डबीसमोर उभं राहून, घसा साफ करून म्हटलं:

"सावधान! उद्वाहनयंत्राची द्वारे स्वयमेव संवृत होत असल्याकारणाने समस्त आरूढ सज्जनांनी आपापले हस्तपादादी अवयव सुरक्षित अंतरावर धारण करावेत."

मेकॅनिकने बोटं वरखाली करून दाखवलं, की एवढ्या वेळात लिफ्ट चौथ्या मजल्यावर जाऊन परत येते.

"मग ती सावकाश चालवा," प्रोफेसर म्हणाले. "भाषेला घाई सोसत नाही."

हेही एक वेळ निभावलं असतं. पण 'उद्वाहनयंत्र' हा शब्द जिन्यातून वरखाली झाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलीणबाई खवळल्या. त्या किनाऱ्याकडच्या. बोलायला उभ्या राहिल्या की समोर कोर्ट असो वा भाजीवाला, शेवटी निकाल त्यांच्याच बाजूने लागे. त्यांनी तातडीची सभा लावली.

"साहेबाची भाषा होती तीच बरी होती," त्या म्हणाल्या. "ती निदान सगळ्यांवर सारखाच अन्याय करते. पण राजभाषा आणायचीच असेल, तर मग किनारीने काय घोडं मारलंय? लिफ्टच्या वर्गणीत माझाही वाटा आहे."

लगेच बँकवाला उठला. पुढच्या महिन्यात तो इथे राहणारही नव्हता, पण त्यामुळे त्याच्या बोलण्यात त्यागाची धार आली होती. "डोंगरी माझी माय आहे!" तो म्हणाला. "तिचा अपमान मी सहन करणार नाही!" हे त्याने साहेबाच्या भाषेत म्हटलं, कारण डोंगरी त्याला येत नव्हती.

सेक्रेटरी घरी आले ते 'आपण मध्यस्थ, आपल्याला भाषा नाही' अशा थोर मनःस्थितीत. बायको भांडी विसळत होती. तिने पाठ न वळवता विचारलं, "आणि पठारीचं काय ठरलं?"

"आपण कसं म्हणणार? आपण सेक्रेटरी."

"म्हणजे जिच्यासाठी लिफ्ट आणली, तिला सोडून सगळ्यांना कळणार ती काय बोलते ते. छान. उद्या आईंना तुम्हीच सांगा." आणि तिने एक पातेलं असं काही पालथं घातलं की विषय तिथेच मिटला.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. सेक्रेटरींनी विचार केला, लिफ्टला पाच तोंडं द्यावीत म्हणजे कुणाचंच तोंड वाकडं होणार नाही. राजभाषा, किनारी, डोंगरी, पठारी, आणि पाहुण्यारावळ्यांसाठी साहेबाची भाषा, तात्पुरती. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या थांबताच वकीलीणबाईंनी विचारलं, "पहिली कोण बोलणार?"

त्यावर तीन सभा झाल्या. शेवटी सेक्रेटरींनी पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाचा आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून तोड काढली. दर मजल्याला क्रम बदलेल. तळमजल्यावर जी पहिली, ती पहिल्या मजल्यावर दुसरी, दुसऱ्यावर तिसरी. मग वकीलीणबाईंनी घड्याळ लावलं आणि प्रोफेसरांचं वाक्य लांब असल्याचं सप्रमाण सिद्ध करून किनारीसाठी तेवढाच वेळ मागितला. दाराबद्दल एवढं बोलण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून त्यांनी ओल्या छत्र्या, जिन्यातला कचरा आणि पहिल्या मजल्यावरून रात्री येणारे घोरण्याचे आवाज यांचाही समावेश केला.

डोंगरी भरायची वेळ आली तेव्हा बँकवाल्याने आपल्या आईला पुढे केलं. खालचीने डबी उलटसुलट करून पाहिली. "हिच्याशी काय बोलू? ही कोण माझी?" वर आईकडे डबी नेली, तर तीही तेच म्हणाली. "समोर माणूस आणा, मग बोलते." मेकॅनिक बिचारा चारदा वरखाली करून दमला. शेवटी त्याने डबीला दोरी बांधली, ती जिन्याच्या मधोमध लोंबती सोडली, आणि हाताने खूण केली की तुम्ही तुमचं चालू द्या, दाराबद्दल काय ते आपसात बोला.

खालची ओरडली, "दार लागतंय गं, हात काढ!"

"काढला, काढला! तू तुझा पाय आवर!"

मेकॅनिकने बोटांनी जिना उतरून दाखवला, म्हणजे आता लिफ्ट खाली पोचली. दोघींना लगेच कळलं.

"आलीस का?" खालचीने विचारलं.

"आले गं, आले!" आई म्हणाली. खालची खाली मान घालून पदराशी चाळा करत बसली.

बँकवाला म्हणाला, हे चालणार नाही, डोंगरी वेगळी पाहिजे, पठारी वेगळी. मेकॅनिकने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू होत होतं. कात्री लावायला जागाच नव्हती. मग ते तसंच राहिलं.

निरीक्षकांना बोलवायचं म्हणजे अर्ज आला. सेक्रेटरींनी तो प्रोफेसरांकडून राजभाषेत लिहून घेतला. तो परत आला, कारण कागदाच्या माथ्यावर सोसायटीचं नाव साहेबाच्या भाषेत छापलेलं होतं. नवीन कागद छापून पाठवला. तोही परत आला, कारण खात्यात कुणाला 'उद्वाहनयंत्र' म्हणजे काय ते कळलं नाही आणि अर्ज आरोग्य विभागाकडे गेला होता. इकडे तळमजल्यावर खोकी बांधली जाऊ लागली. आई वरून विचारी, "काय बांधलंस?" खालची म्हणे, "भांडी." दुसऱ्या दिवशी, "काय बांधलंस?" "गाद्या." हे ऐकून सेक्रेटरींना जेवण जाईना. बायकोने त्या दिवसांत त्यांना एकदाही सेक्रेटरी म्हटलं नाही, त्यावरून काय ते समजावं.

अखेर निरीक्षक आले. आदल्या रात्रीच खालचीचं सगळं सामान बांधून झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक यायचा होता.

लिफ्टमध्ये पाचजण शिरले. निरीक्षक, त्यांच्या शेजारी सेक्रेटरी, राजभाषेच्या रक्षणार्थ प्रोफेसर, हातात घड्याळ घेऊन वकीलीणबाई, आणि आपल्या मायबोलीचा मान राखला जातो की नाही ते पाहायला बँकवाला. खालची जिन्याच्या तळाशी बसली होती. मेकॅनिक बाहेर बाकावर चहा पीत होता. वर आईने शाल पांघरली होती.

लिफ्ट बोलू लागली. राजभाषेत बोलली, किनारीत छत्र्यांवर आली, डोंगरी-पठारी झाली, साहेबाच्या भाषेत थंडपणे समारोप झाला. एवढा वेळ दार सताड उघडं होतं.

"निघायची कधी ही?" निरीक्षक म्हणाले.

आता एक बारीकशी गोष्ट मेकॅनिकने सांगितली होती, पण हातवाऱ्यांनी सांगितल्यामुळे ती कुणाला नीट समजली नव्हती. लिफ्ट बोलत असेपर्यंत दार लागत नाही, आणि मध्येच कुणी बटण दाबलं की ती पहिल्यापासून सुरू करते. बँकवाल्याने अधीर होऊन बटण दाबलं. "सावधान!" लिफ्ट म्हणाली. सगळं पुन्हा झालं. छत्र्यांपाशी वकीलीणबाईंचा हात लागला. "सावधान!" निरीक्षकांनी घाम पुसला. शेवटी सेक्रेटरींनी सगळ्यांना हात मागे बांधून शाळेतल्यासारखं उभं केलं, तेव्हा कुठे दार लागलं आणि लिफ्ट हलली. पाच भाषांच्या घोषात पहिला मजला गेला, दुसरा गेला. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण चढत होती.

तिसरा मजला ओलांडला आणि क्रमाप्रमाणे राजभाषेचा नंबर चौथा आला. प्रोफेसरांनी आजवर हा क्रम कागदावर मान्य केला होता, कानांनी ऐकला नव्हता. छत्र्या, घोरणं, 'पाय आवर', आणि त्यानंतर आपलं वाक्य! त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे आधी यायला हवं! पहिल्यापासून लावा!" असं म्हणत त्यांनी सगळ्यात मोठं, लाल बटण दाबलं. लाल बटण हेच सगळ्यात मानाचं असणार, असा त्यांचा समज होता.

लिफ्ट गचकन थांबली. दिवा मिणमिणला. मग एक नवाच आवाज आला. या आवाजाची कुणी सभा घेतली नव्हती. साहेबाच्या भाषेत तो म्हणाला की कृपया घाबरू नका, मदत येत आहे.

निरीक्षकांनी खिशातून वही काढली. "संकटकालीन घोषणा बेकायदा भाषेत," असं त्यांनी लिहिलं. माणूस कर्तव्याला पक्का होता.

तेवढ्यात लिफ्ट वीतभर खाली घसरली, आणि प्रोफेसर मोठ्याने किंचाळले. ते राजभाषेत नव्हतं. ती अस्सल, कड्याकपारीतली, बालपणी मेंढरांमागे धावताना बोलावी तशी डोंगरी होती.

"काय म्हणाले हे?" बँकवाल्याने घाबरून विचारलं.

"'आये, मला उचलून घे' म्हणाले," वकीलीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला डोंगरी कळत नाही?"

बँकवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

बाहेरून आता दोन आवाज येऊ लागले, एक वरून, एक खालून.

"अडकली गं! माझा मुलगा आहे त्यात!" आई.

"माझाही आहे! थांब, याला उठवते. ए, ऊठ! चहा नंतर पी!" खालची.

"त्याला वर पाठव! मशीनच्या खोलीची किल्ली आमच्या दारामागे आहे, मी काढून ठेवते!"

"निघालाय! दुसऱ्यावर पोचला का बघ!"

"पोचला! अगं, चुकीच्या दारात शिरतोय! ए बाबा, अजून वर! वर!"

"काठी आपट, काठी! आवाजाच्या दिशेने येईल!"

ठक, ठक, ठक असा आवाज आला.

लिफ्टमध्ये सगळे कान देऊन ऐकत होते. निरीक्षकांनी हळूच विचारलं, "या दोघी कुठल्या भाषेत बोलताहेत?"

"वरची पठारीत, खालची डोंगरीत."

"एकमेकींची भाषा येते त्यांना?"

"एक अक्षर नाही."

"आणि मेकॅनिकला?"

"त्याला दोन्ही येत नाहीत."

निरीक्षकांनी वही उघडली, पेन टेकवलं, आणि मग काहीच न लिहिता ती मिटून खिशात ठेवली. वर गच्चीवर चाक फिरल्याचा आवाज झाला आणि लिफ्ट मुंगीच्या पावलांनी तिसऱ्या मजल्यावर उतरली.

सगळे बाहेर आले. मेकॅनिक डबी तपासून आला आणि हात झटकून त्याने दाखवलं, सगळं गेलं. राहिलं होतं फक्त त्या दोघींचं, शेवटचं भरलेलं आणि सगळ्यात लहान. त्याने ते लावलं, दार लगेच लागलं, रिकामी लिफ्ट वर गेली, खाली आली. अगदी सुतासारखी सरळ.

"पण यात राजभाषा नाही," निरीक्षक म्हणाले. "मला काही करता येणार नाही. पुढच्या महिन्यात बघू." ते जिन्याकडे वळले.

कठड्यावरून आई बघत होती. तिने खांद्यावरची शाल काढली आणि घडी करायला घेतली.

सेक्रेटरी आयुष्यात कधी सरकारी माणसाच्या वाटेत उभे राहिले नव्हते. आत्ता ते उभे राहिले.

"उद्या ती बाई जाईल," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात लिफ्ट घेऊन मी काय करू? माझ्या आईला तिचं तोंड बघायचंय, एवढंच. मला कायमचा परवाना नको. तात्पुरता द्या."

"तात्पुरता? किती दिवसांचा?"

"साहेबाच्या भाषेला दिलाय ना आपण, तेवढ्याच दिवसांचा."

निरीक्षकांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, वर आईकडे पाहिलं. मग ते पायरीवरच बसले, गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. "तात्पुरती परवानगी," ते उठत म्हणाले. "माझी नोकरीही तात्पुरतीच आहे. एकवीस वर्षं झाली."

आई लिफ्टमध्ये शिरली ती सेक्रेटरींचा हात धरून. "दार लागतंय गं, हात काढ!" डबीतली खालची ओरडली, आणि आईने दचकून हात शालीत घेतला. लिफ्ट खाली टेकली. दार उघडलं. समोर खुद्द खालची उभी होती.

"आलीस का?" ती म्हणाली, आणि त्याच क्षणी डबीतूनही तीच म्हणाली.

"आले गं, आले!" आईने तोंड उघडायच्या आत डबीतल्या आईने उत्तर दिलं.

"तू गप्प बस!" आई डबीवर ओरडली. "मी आलेय ना!"

दोघी बाकावर बसल्या. बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस?" आई म्हणाली.

"तुझी हनुवटी तेवढी बरी होती," खालची म्हणाली. "बाकीचं हे काय करून ठेवलंयस?"

मग बोलायला सुरुवात झाली. गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, पण सवय जाते थोडीच? चार मजल्यांच्या अंतराने बोलावं तशाच दोघी एकमेकींच्या तोंडावर ओरडत होत्या. वकीलीणबाईंनी खिडकी लावून घेतली, मग थोड्या वेळाने पुन्हा उघडली. तिन्हीसांजा झाल्या तेव्हा प्रोफेसर चहाचे दोन कप घेऊन खाली आले आणि खालचीशी अगदी हळू, लाजत, दोन शब्द बोलले. खालची म्हणाली, "मला कधीचं ठाऊक होतं. तू शिंकतोस आपल्याकडच्यासारखा."

सकाळी ट्रक आला आणि गेला.

याला आता बरेच दिवस झाले. तात्पुरती परवानगी दर तीन महिन्यांनी वाढवून मिळते. मध्यंतरी खात्याकडून राजभाषेतल्या अधिकृत आवाजाची नवी डबी आली, सोबत 'त्वरित बसवावी' असा हुकूम. आयुष्यभर सरकारी हुकमाचं कुंकू लावून बसलेल्या सेक्रेटरींनी ती टेबलाच्या खणात ठेवली आणि वर जुनी वर्तमानपत्रं रचली.

आई अजून रोज दुपारी शाल घेऊन निघते. पहिले काही दिवस सेक्रेटरींनी काही म्हटलं नाही, पण एका सुट्टीच्या दिवशी राहवलं नाही. "आई, खाली आता कोण आहे? उगाच कशाला जातेस?"

"कुठे जाते? नुसती जाऊन येते," ती म्हणाली.

ते तिच्यासोबत लिफ्टमध्ये शिरले. "दार लागतंय गं, हात काढ!" डबी ओरडली. आईने हात शालीत घेतला. लिफ्ट खाली आली, दार उघडलं. समोर रिकामा बाक होता.

"आलीस का?" डबीतून खालचीने विचारलं.

आईने डबीतल्या स्वतःला बोलू दिलं नाही. ती आधीच म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच न ओरडता, अगदी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आले गं, आले."